अण्णासोंचा कान

कोल्हापुरात एखाद्याला ऐकू येईनासं झालं तर ते ध्यानात यायला बराच वेळ लागतो, कारण इथं हळू कुणी बोलतच नाही. शेजारी बसलेल्याला चहा विचारला तरी रस्त्यापलीकडच्याला वाटतं, आपल्यालाच बोलावलं. म्हणून अण्णासो मगदूम बहिरे झाले ही बातमी बस्तीत पसरली तेव्हा लोकांना नवल वाटलं ते एवढंच, की हे कळलं कसं. बस्ती म्हणजे जैनांचं देऊळ. आमच्या भागात त्याला दुसरा शब्द नाही.

कळलं, कारण अण्णासोंनी स्वतःच सांगितलं. भर सभेत, माईकवरून.

महावीर जयंतीला बस्तीत सवाल होतात. पहिला अभिषेक कुणी करायचा, आरती कुणी धरायची, बाळ महावीराचा पाळणा पहिल्यांदा कुणी हलवायचा, हा मान बोली लावून ठरतो. बोली पुकारायचं काम वर्षानुवर्षं अण्णासोंकडं. तरुणपणी मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारून त्यांचा गळा तयार झालेला. डोक्याला तांबडा रुमाल बांधून ते चौथऱ्यावर उभे राहिले की चिकट माणसाचाही हात खिशाकडं जायचा. "काय रं, उसाचं बिल आलं म्हणून गावभर सांगितलंस, आन् देवाच्या दारात तोंड शिवलंय व्हय?" असं ते म्हणायचे आणि लोक हसत हसत बोली वाढवायचे. पण एकदा "एकवार, दोनवार, तीनवार" म्हणून त्यांनी टाळी मारली की विषय संपला. मग खुद्द पंच आडवे आले तरी तो सवाल पुन्हा उघडत नाही. घर, दुकान, शेत सगळं अण्णासोंनी मुलाच्या हवाली केलं होतं. ही टाळी तेवढी स्वतःकडं ठेवली होती, आणि तिच्यावर त्यांचा जीव होता.

गेल्या वर्षी त्याच टाळीनं घात केला. बायका बसतात उजव्या अंगाला, खांबांच्या पलीकडं. चौथऱ्यावरून त्या दिसत नाहीत. म्हणून त्यांची बोली पुढं पोचवायला मधल्या खांबापाशी अण्णासोंचा मुलगा अभिनंदन उभा असतो. पाळण्याचा सवाल चालला होता. चंदनाकाकूंच्या सुनेला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मूल झालं होतं, आणि त्या सालचा पाळणा आपण हलवायचा असं काकूंनी मनाशी धरलं होतं. गुडघ्यामुळं त्यांना भिंतीकडेला खुर्चीवर बसवलेलं. तिथनं त्यांनी बोली वाढवली; एकदा नाही, पुन्हा पुन्हा. चौथऱ्यापर्यंत काही पोचलं नाही. टाळी वाजली आणि पाळणा दुसऱ्याच घरात गेला. बायकांत गलका उठला. काकू डोळे पुसत, प्रसाद न घेताच घरी निघाल्या. बोली अडकली कुठं म्हणून लोक इकडंतिकडं बघायला लागले, तेवढ्यात अण्णासो माईकमध्ये म्हणाले, "चूक माझी हाय. माझा कान गेलाय."

अभिनंदनला वाईट वाटलं. त्याला स्वतःलाही त्या बाजूनं काही ऐकू आलं नव्हतं. काकू पडल्या बारीक आवाजाच्या, पदरात तोंड घालून बोलल्या असतील, असं त्यानं धरलं. आणि अण्णांनी स्वतःच कबूल केल्यावर पुढं शोधायचं तरी काय? वय झालं की कान जातोच.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवा कायदा आला. सून स्नेहल काही सांगायला आली की अण्णासो कानामागं हात धरून म्हणायचे, "काय म्हणालीस? मोठ्यानं बोल की पोरी!" बोलायचं तर समोर येऊन बोलायचं, टीव्ही बंद करून बोलायचं आणि एकेकानं बोलायचं. स्नेहलचा आवाज मुळात नाजूक, आणि आठवीतली नात आदिती भरभर बोलणारी. दोघींना हे शिकायला महिनाभर लागला. मग सवय झाली. मगदूमांच्या घरात आता साधी आमटी वाढायची तरी पुकारा झाल्यासारखी वाढली जायची.

आदिती एकदा म्हणाली, "पप्पा, आज्जाला कधीकधी बरोब्बर ऐकू येतं. मी मैत्रिणीला फोनवर हळू सांगितलेलं त्यांनी ऐकलं."

"म्हाताऱ्या माणसांचं तसंच असतंय," अभिनंदन म्हणाला. "सोयीचं तेवढं ऐकू येतंय त्यांना."

खरं सांगायचं तर या नव्या कायद्याचा अभिनंदनला मनातून आनंदच झाला होता. त्याआधीची दोन-तीन वर्षं स्नेहल आणि त्याच्यात सारखी धुसफूस चालायची. ती काहीतरी पुटपुटायची, तो "काय?" म्हणायचा, ती म्हणायची "काही नाही, जाऊ दे." आता ती स्वच्छ बोलायला लागली होती. उद्यमनगरात त्याचं बेअरिंगचं दुकान, माल सगळा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जायचा. तिथल्या कंपन्यांतल्या नव्या मुली फोनवर ऑर्डर सांगायच्या त्या मात्र अजून पुटपुटायच्या. अभिनंदन म्हणायचा, "सगळं व्हॉट्सॅपवर टाका. फोनवर घोटाळा होतो." त्याला वाटायचं हल्ली लोकांना नीट बोलायलाच येत नाही.

त्याचं शरीर मात्र त्याला चांगलं माहीत होतं. तरणाताठा असताना पाठ धरली ती सुटलीच नाही. पहाटे उठायचं म्हणजे लाकूड वाकवायचं काम. डॉक्टरांनी लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस. आक्का, म्हणजे त्याची आई, होती तोवर 'मणक्याचा वात' म्हणायची. मणक्यांना आतून सूज येते आणि हळूहळू ते एकमेकांत सांधून जातात. एकदा डोळाही लाल होऊन बसला होता, तोही त्याच दुखण्यातून. आता इंजेक्शनं आणि रोजचा व्यायाम यांवर दुखणं आटोक्यात होतं, पण मान गेली ती गेली. ती वळायचीच नाही. बाजूला बघायचं तर अख्खं अंग फिरवायचं. पाठीमागून हाक मारली तर तो थांबत नसे. ओळखीचे म्हणायचे, "त्याची मान कुठं वळतीय, पुढं जाऊन बोल." अनोळखी म्हणायचे, "माज बघा." आधी स्थळं बघताना लोक त्याला 'वाकडा' म्हणाले होते, मग गल्लीनं 'ताठ' म्हणायला सुरुवात केली. एकाच माणसाला वाकडा आणि ताठ दोन्ही म्हणणारी आमची माणसं, त्यांच्यापुढं कोण काय बोलणार! स्नेहलनं मात्र त्याला बघितल्या बैठकीतच होकार दिला होता.

यंदा जयंतीला महिना राहिला असताना कमिटीचा सेक्रेटरी वृषभ घरी आला. हाच वृषभ लहानपणी अण्णासोंच्या मांडीवर बसून सवालाची टाळी शिकला होता. अण्णासो तिथंच खुर्चीवर पेपर वाचत होते. वृषभनं त्यांना मोठ्यानं "जय जिनेंद्र, अण्णा!" केलं, आणि मग साध्या आवाजात अभिनंदनला सांगायला लागला.

"हे बघ, राग मानू नको. यंदा सवाल मी पुकारतो. गेल्या वर्षी चंदनाकाकूंचं झालं, त्या अजून बस्तीत नीट बोलत न्हाईत कुणाशी. अण्णांचा मान हायच, त्यांना पुढं बसवू. पण कान नसलेल्या माणसाच्या हातात सवाल कसा द्यायचा, तूच सांग."

"मी मशीन बसवतो त्यांना."

"बसव की. ऐकू यायला लागलं तर माझं काय जातंय? टाळी त्यांचीच. पण न्हाई जमलं तर घरातच समजावून सांग. म्हाताऱ्या माणसाला मी कसं सांगू?"

अण्णासोंनी पेपरचं पान उलटलं. वृषभ गेला. थोड्या वेळानं स्नेहलनं समोर येऊन मोठ्यानं विचारलं, "मामा, तांबडा रुमाल धुवायला काढू का? खळ करून ठेवते."

"नको," अण्णासो म्हणाले. "यंदा लागायचा न्हाय."

यांना कुणी सांगितलं, असं अभिनंदनच्या मनात येऊन गेलं. चेहऱ्यावरून ताडलं असेल. पण अण्णा सवालाशिवाय राहणार म्हणजे काय, हे त्याला त्या 'नको'नं समजलं. काही झालं तरी यांना मशीन बसवायचं आणि जयंतीला चौथऱ्यावर उभं करायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

अण्णासो मात्र ऐकेनात. "मला मशीन नको," एवढंच एक. अभिनंदन चिडला, त्यानं विनवण्या केल्या, आदितीला मध्ये घातलं. अण्णासो हटले नाहीत. मोडेन पण वाकणार नाही अशी ही तऱ्हा मगदूमांच्या घरात एकाच्या मणक्यात होती आणि दुसऱ्याच्या स्वभावात. शेवटी अभिनंदननं शक्कल लढवली. "माझी पाठ तपासायची तारीख हाय. गाडीत बसून जरा सोबत चला," म्हणून त्यांना घेऊन गेला. पाठीच्या डॉक्टरांकडचं काम उरकलं आणि त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, कानाच्या तपासणीच्या दारात त्यांना नेऊन उभं केलं.

अण्णासोंनी पाटी वाचली. मुलाकडं बघितलं. "फसवलंस व्हय रं," म्हणाले, पण आत गेले.

तपासणाऱ्या संयोगिता मॅडम तरुण होत्या. तोंडाला मास्क. त्यांनी काय काय विचारलं, अभिनंदनला काही कळेना. तो "काय म्हणालात?" म्हणायचा, आणि अण्णासो सांगायचे, "वय विचारतीय. बहात्तर." "कधीपासनं, असं म्हणतीय. सांग गेल्या वर्षापासनं." मॅडम एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होत्या. मग त्यांनी अण्णासोंना काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं.

तपासणी झाली. मॅडमनी मास्क खाली केला आणि कागद पुढं ठेवला. "वयाच्या मानानं यांचे कान छान आहेत. मशीनची काही गरज नाही."

"असं कसं?" अभिनंदन म्हणाला. "घरात ओरडून बोलावं लागतंय यांच्याशी. वर्ष झालं."

मॅडम उठल्या, कपाटातून काहीतरी काढायला त्याच्या मागच्या बाजूला गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. अण्णासोंनी मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्या तुला विचारालेत."

अभिनंदन अख्खा फिरला. मॅडम कपाटापाशी उभ्या होत्या, हातात काहीच नव्हतं. "मी तुम्हाला तीनदा हाक मारली," त्या म्हणाल्या.

"माझी मान वळत न्हाई, मॅडम. मणक्याचा त्रास हाय."

"मान वळत नाही, बरोबर. पण 'ओ' द्यायला मान लागत नाही."

त्यांनी दुखण्याचं नाव विचारलं, किती वर्षं झाली ते विचारलं आणि त्याला खोलीत बसायला सांगितलं. तो बसला. दार लागलं. आत शांत होतं. बटणावर अंगठा ठेवून तो वाट बघत राहिला. सुरुवातीला काही जाडे आवाज आले, ते त्यानं पटापट दाबले. मग काहीच येईना. मशीन बंद पडलं असावं म्हणून त्यानं काचेतून बघितलं. मॅडमचा हात चालूच होता. त्या एक कळ दाबत होत्या, त्याच्याकडं बघत होत्या, पुन्हा दाबत होत्या. मशीन बंद नव्हतं.

नंतर मॅडमनी सरळ सांगितलं. जाडे आवाज त्याला बरे ऐकू येत होते, बारीक आवाज गेले होते. बायकांचे, मुलांचे, दुरून आलेले. "तुमच्यासारखं मणक्याचं दुखणं असणाऱ्यांत कानाचा त्रास इतरांपेक्षा जास्त दिसतो. सगळ्यांनाच होतो असं नाही, आणि तो त्यामुळंच झाला असंही मी छातीठोक म्हणणार नाही. पण पाठीकडं लक्ष असतं, कानाकडं कुणी बघत नाही. हळूहळू जातो, म्हणून ज्याचा जातो त्यालाही कळत नाही. मशीननं फरक पडेल. मागवायला थोडे दिवस लागतील."

खाली आवारात चहाच्या गाड्यापाशी बाकडं होतं. दोघं बसले. अभिनंदनच्या डोळ्यांपुढं मधला खांब होता आणि भिंतीकडेची काकूंची खुर्ची.

"अण्णा, काकूंची बोली मला ऐकू आली नव्हती."

"न्हाईच आली."

"तुम्हाला आली होती?"

"मला चौथऱ्यावरनं कशी येईल? बायकांचा गलका झाला तेव्हा कळलं. मग तुझ्या तोंडाकडं बघितलं. तुला गलकासुदिक नीट समजला नव्हता." अण्णासोंनी बशीत चहा ओतला. "त्याआधी दोन वर्षं बघत होतो मी. स्नेहल बोलायची आन् तू भिंतीकडं बघत बसायचास. भांडणं व्हायची. ती मागं स्वयंपाकघरात रडायची. तुला सांगितलं असतं, लेका तुझा कान बघून घे, तर गेला असतास?"

गेला नसता, हे अभिनंदनला माहीत होतं. पाठीच्या डॉक्टरांकडंही तो जमिनीवरची चप्पल पायात घालता येईना तेव्हा गेला होता.

"मग म्हटलं, मीच बहिरा होतो. माझ्यासाठी घर मोठ्यानं बोलंल, ते तुला आपोआप ऐकू येईल."

"आणि सवाल? वृषभ तुमच्यासमोर काय काय बोलला..."

"ऐकलं की सगळं." अण्णासो हसायला गेले, पण ते त्यांना नीट जमलं नाही. "वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पण तुला लोकांनी वाकडा म्हणून झालं, ताठ म्हणून झालं. आता बहिरा म्हणले असते. एक नाव मी घेतलं, त्यात काय बिघडलं? माझं कुठं लग्न ठरायचं राह्यलंय?"

अभिनंदनला रडू आलं. मान खाली घालता येत नव्हती, त्यामुळं ते लपवताही आलं नाही. चहावाल्यानं विचारलं, "काय झालं, पावणं?" अण्णासो म्हणाले, "चहा गरम हाय."

घरी येऊन त्यानं स्नेहलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मोठ्यानं, "मला वाटायचं तुम्हाला माझं बोलणंच नको झालंय." एवढं म्हणून ती कणीक मळायला गेली, आणि जाताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

अण्णासोंनी बजावलं होतं, बस्तीत काही बोलायचं नाही. वृषभला पुकारू दे, तुझ्या धंद्याला उगाच बट्टा नको. अभिनंदन त्यांच्यापुढं "बरं" म्हणाला. त्यालाही भीती होतीच. बेअरिंगवाला बहिरा आहे म्हटल्यावर कागलची ऑर्डर कोण फोनवर देईल?

जयंतीला बस्ती भरली. अण्णासो पुढं सतरंजीवर, उघड्या डोक्यानं बसले होते. वृषभनं माईक हातात घेतला, तेवढ्यात अभिनंदन चौथऱ्याकडं चालत गेला. सावकाश वर चढला. माईक मागून घेतला आणि अख्ख्या अंगानं बायकांच्या बाजूला वळला.

"गेल्या साली चंदनाकाकूंची बोली खांबापाशी अडली. अण्णांचा कान चांगला हाय, डॉक्टरांनी तपासलाय. कान माझा गेलाय. मला माहीत नव्हतं, पण चूक माझीच हाय. काकू, मला माफ करा. आन् सवाल अण्णांना द्या."

मग भिंतीकडून काकू काहीतरी म्हणाल्या. अभिनंदनला ते ऐकू आलं नाही. पुढच्या बायकांनी ते पोचवलं आणि वृषभनं त्याच्या कानाशी येऊन सांगितलं, "म्हणतात, मग आधी सांगायचं की! वर्षभर त्या देवमाणसावर राग धरला मी." तोवर स्नेहलनं पिशवीतून खळ केलेला तांबडा रुमाल काढून आदितीच्या हाती पुढं पाठवला होता. अण्णासो मुलावर डोळे वटारत उठले, पण रुमाल बांधून चौथऱ्यावर चढले.

"तू खांबापाशी जा," ते मुलाला म्हणाले.

"अण्णा, मशीन अजून आलं न्हाई. दुसऱ्या कुणाला तरी..."

"जा म्हणतो न्हवं!"

अभिषेक झाला, आरती झाली. पाळण्याचा सवाल निघाला. पुरुषांकडून बोली आली, चढली, थांबली. "बायकांकडनं कुणी?" अण्णासोंनी विचारलं. बाजू शांत होती. अभिनंदनला तरी शांत वाटली. त्याच वेळी चौथऱ्यावरून आवाज आला, "काय? काकू, मोठ्यानं बोला की! ह्या म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाय!"

म्हाताऱ्याला सगळं ऐकू येतं, हे आता अख्ख्या बस्तीला ठाऊक होतं. क्षणभर कुणाला काही उमगेना. मग भिंतीकडेच्या काकू खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी जन्मात कधी काढला नसेल एवढा मोठा आवाज काढून आपली बोली सांगितली. ती अभिनंदनला लख्ख ऐकू आली. त्यानं हात वर केला. "आली!" तो ओरडला. "काकूंची बोली आली!"

"एकवार," अण्णासो म्हणाले. "दोनवार."

आणि थांबले. तळवे समोरासमोर धरून ते खांबाकडं बघत राहिले, तिकडून आणखी कुणी आहे का ते मुलगा सांगेपर्यंत. अभिनंदननं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या बायकांच्या तोंडांकडं नीट बघून घेतलं. मग तो अख्खा वडलांकडं वळला आणि हातानंच नाही म्हणाला.

तेव्हा टाळी वाजली.